काचेच्या निगेटिव्ह स्कॅन करून टाकून द्यायच्या का?

विद्यापीठाच्या हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कपाटात काचेच्या निगेटिव्हचे खोके निघालेत आणि स्कॅन करून काचा काढून टाकाव्यात, म्हणजे जागा मोकळी होईल, असं विभागात चाललंय. काय करावं, असं तुम्ही विचारलंय. काचा टाकू नका. आणि स्कॅनरकडे वळायचीही घाई नको.

आधी क्रमांक शोधा. काचेच्या कडेला शाईने लिहिलेला किंवा थरात कोरलेला आकडा असतो. मंद दिसणाऱ्या, म्हणजे जिलेटीनच्या थराच्या बाजूने तो उलटा दिसेल, कारण कागदावर छापल्यावर तो सुलटा यायला हवा. काच फिरवून चकचकीत बाजूने पाहिलीत की सरळ वाचता येतो. हा आकडा संग्राहकाच्या वहीशी आणि शीटवरच्या, म्हणजे वाळवलेला नमुना चिकटवलेल्या कागदावरच्या, लेबलाशी ताडून पाहा. जुळला, तर फोटोला वनस्पतीची जात, ठिकाण आणि तारीख मिळते; शीटला मिळतो झाडाचा डौल, खोडाची साल, भोवतालचं रान. दाबून वाळवलेल्या फांदीवरून यातलं काहीच कळत नाही. म्हणून खोक्यांतला क्रम मोडू नका. लिफाफ्यांवरचं आणि झाकणावरचं लिखाणही टिपून ठेवा. जुनी शास्त्रीय नावं आणि गावांची जुनी नावं खोडायची नाहीत, नवी शेजारी लिहायची.

असे फोटो किती मोलाचे ठरतात ते पाहा. ज्या नमुन्यावरून जातीला पहिल्यांदा नाव मिळतं, त्या टाइप नमुन्यांचे फोटो काढायला शिकागोच्या फील्ड म्युझियमने १९२९ साली जे. फ्रान्सिस मॅकब्राइड यांना युरोपात पाठवलं. पुढच्या दहाएक वर्षांत त्यांनी ४०,०००हून अधिक निगेटिव्ह जमवल्या. मार्च १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनचं हर्बेरियम जळालं आणि तिथल्या कितीतरी टाइप नमुन्यांचा आता फक्त तो फोटोच उरलाय.

हार्वर्ड विद्यापीठाच्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानासाठी वनस्पती-संग्राहक अर्नेस्ट हेन्री विल्सन १९०७ पासून काचेच्या प्लेटा घेऊन चीनमध्ये हिंडले. १९१० साली दरड कोसळून त्यांचा पाय मोडला, तेव्हा कॅमेऱ्याची तिकाटणीच (ट्रायपॉड) आधाराला पायाशी बांधली होती. त्यांच्या बऱ्याच फोटोंत झाडाशेजारी एखादा माणूस उभा दिसतो, उंचीचा अंदाज यावा म्हणून. अशा माणसांची नावं बहुधा कुठेच लिहिलेली नसतात. मला हे फार खटकतं. तुमच्या फोटोंत कोणी असेल तर नोंदीत त्याचा उल्लेख हवाच. नाव नसलं तरी वेष, हातातलं अवजार, जे दिसतं ते लिहा.

फुलांच्या रंगाबद्दल मात्र फोटोवर विसंबू नका. सुरुवातीच्या साध्या प्लेटा मुख्यतः निळा प्रकाशच टिपत. निळं फूल फिकट उमटतं, लाल किंवा पिवळं काळपट, आणि आकाश पांढरंफटक. आणखी एक: झाडाभोवती काळा किंवा लालसर रंग फासलेला दिसला तर तो डाग समजून पुसू नका. पार्श्वभूमी झाकायला तो मुद्दाम लावलेला असतो.

काच दोन्ही हातांनी कडेला धरा, थराला बोट लावू नका, पाणी तर मुळीच नको. आम्लरहित कागदाच्या, चारही बाजूंनी दुमडणाऱ्या घडीत ठेवून लांब कडेवर उभी करा. फुटलेली असेल तर आडवी ठेवा. क्रमांक पेन्सिलीने घडीवर, तोही काच आत ठेवण्याआधी.

खोक्यात लवचिक फिल्म निघाली तर आधी ती वेगळी काढा. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती अ‍ॅसिटेट आहे, सडायला लागलीय, तिचं स्कॅनिंग सगळ्यांत आधी. १९५०च्या आसपासपर्यंतची फिल्म नायट्रेटची असू शकते. ती पिवळी, चिकट होते आणि भयंकर वेगाने पेट घेते. कडेवर 'सेफ्टी' छापलेलं नसेल आणि शंका असेल, तर स्कॅनरवर ठेवूच नका. थंड, हवेशीर जागी बाकी संग्रहापासून दूर हलवा आणि संवर्धन तज्ज्ञाला बोलवा.