टेस्ट करायचीय, पण घरी कळलं तर?

प्रश्न : महिन्यापूर्वी कंडोमशिवाय संबंध आला. सिव्हिलमध्ये एचआयव्ही टेस्ट केली तर घरी कळवतात का?

उत्तर : नाही रे, परस्पर कुणी कळवत नाही, एचआयव्ही-एड्सच्या 2017 च्या कायद्यानेच गुप्तता पाळावी लागते. सिव्हिलमध्ये आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी केंद्र) म्हणून खोली असते, तिथे समुपदेशक आधी एकट्याशी बोलतात, संमती घेतात, मगच रक्त, आणि सगळं फुकट. ओळखीचं कुणी भेटेल वाटत असेल तर सरळ दुसऱ्या तालुक्याला जा. आत्ता निगेटिव्ह आली तरी त्या संबंधाला तीन महिने झाले की परत कर. पॉझिटिव्हही एकाच किटवर ठरवत नाहीत. काही शंका असेल तर 1097 या एड्स हेल्पलाइनला फोन लाव. आणि हो, टेस्टसाठी म्हणून रक्तदान शिबिरात जाऊन बसू नकोस, असे महाभाग असतात!