बाक कुट तेह खरंच पौष्टिक असतं का?

तुम्ही लिहिलंय की सिंगापूरला आल्यापासून ऑफिसमधले चायनीज सहकारी हे सूप (डुकराच्या बरगड्या मसाले-जडीबुटीत उकळून केलेला रस्सा) अंगात ताकद येते म्हणून प्यायला लावतात. ताकद येते, पण ती जडीबुटीची कमी आणि डुकराच्या बरगड्यांची जास्त, असं माझं मत. कच्च्या बरगड्यांच्या मांसात १०० ग्रॅममागे साधारण १५ ग्रॅम प्रोटीन असतं, शिवाय झिंक आणि व्हिटॅमिन बी १, आणि हे बी १ पोर्कमध्ये चिकनपेक्षा कितीतरी जास्त. तासन्‌तास उकळल्यावर त्यातलं थोडं नष्ट होतं, थोडं पाण्यात उतरतं, पण ते पाणीच आपण पितो त्यामुळे तेवढं पोटात जातं. हाडांतून भरपूर कॅल्शियम मिळतं म्हणतात ते सोडून द्या, रश्श्यात फार कमी उतरतं.

आता मसाले. मलेशियातल्या क्लांगकडचं काळपट असतं, डांग ग्वेई (एक चिनी औषधी मुळी), दालचिनी, चक्रीफूल, ज्येष्ठमध, वर सोया सॉस. तुमच्याकडे सिंगापूरला जास्त करून तेओच्यू (दक्षिण चीनमधून आलेला एक समाज) पद्धतीचं, फिकट, लसूण आणि पांढरी मिरी ठासून घातलेलं (मला हेच आवडतं, घशात मस्त झणका बसतो). दोन्हीत मसाल्याचं प्रमाण एवढं थोडं की त्यातून पोषण असं काही मिळत नाही, वास आणि चव मात्र त्यांचीच.

खरी गडबड मीठ आणि चरबीची. त्याच १०० ग्रॅम मांसात २० ग्रॅमच्या वर फॅट असतं. आणि एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे दोन ग्रॅमच्या आसपास मीठ, जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते, आणि तिथे बऱ्याच दुकानांत सूप फुकट परत भरून देतात म्हणून लोक दोन-तीन वाट्या सहज रिचवतात, वर तळलेली यूत्याव (मैद्याची लांब कांडी) त्यात बुडवून. मांस खा, भात खा, सूप एका वाटीवर थांबवा. घरी केलंत तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, चरबी वर गोठते, चमच्याने काढून टाका.

युरिक ॲसिडचा त्रास असेल तर जपूनच. रक्त पातळ करायची गोळी, म्हणजे वॉरफरिन वगैरे चालू असेल किंवा घरात कोणी गरोदर असेल तर डांग ग्वेई असलेलं आधी डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. बीपीवाल्यांना ज्येष्ठमध वारंवार घेणं चांगलं नाही, तयार मसाल्याचं पाकीट आणलंत तर मागची यादी वाचा.