आजार अंगावर काढण्यामागचा हिशोब

तुम्ही विचारलंय की मराठवाड्यातल्या खेड्यांत लोक दुखणं अंगावर काढतात, शेवटच्या घटकेला दवाखाना गाठतात, तर जनजागृतीसाठी रॅली, पथनाट्य आणि भित्तिपत्रकं यांतलं काय जास्त चालतं?

माझं स्पष्ट मत, एकही नाही. लोकांना कळत नाही म्हणून ते येत नाहीत, हेच मुळात चूक आहे. आढावा बैठकांमध्ये हे वाक्य ऐकून ऐकून मी त्यावरून पुष्कळ भांडलो आहे. दुखणं अंगावर काढणाऱ्या बाईला आपल्याला काय होतंय ते ठाऊक असतं. तिचा हिशोब वेगळा असतो.

बीडकडची ऊसतोड घ्या. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या हलतात, मार्च-एप्रिलला परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचलही, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, त्या कोयत्यावरच. बायको पडून राहिली की कोयता बंद पडतो, खाडा लागतो आणि दंड हिशोबातून कापला जातो. अशा बाईला ‘वेळेवर तपासणी करा’ सांगणारं पथनाट्य काय देणार? अंगावरून पांढरं जाणं, पोटदुखी ती हंगामभर सोसते आणि गावी आल्यावर खासगीत जाते. तिथे कुणी गर्भाची पिशवी काढायला सांगितलं तर तिला ते पटतं, कारण पुढचे खाडे वाचतील असं वाटतं. २०१९ साली या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हाही ‘बायका अडाणी’ म्हणणारे भेटलेच.

म्हणून इथलं काम ऑगस्ट-सप्टेंबरातच सुरू करावं लागतं. गावातल्या आशा सेविकेने घरोघरची यादी करायची: कोण जाणार, टोळी बांधणाऱ्या कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्याला, कोण गरोदर, कुणाच्या बाळाची लस राहिली, कुणाला टीबीच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू आहेत. सगळ्यांच्या तपासणीला एक दिवस ठरवायचा, तोही सोयाबीन काढणीच्या हातघाईत नको. माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यायचं, खोपीत ते भिजतं. त्यावर आशाचा आणि नर्सबाईंचा नंबर मोठ्या अक्षरात लिहायचा. चालू गोळ्या संपणार कधी आणि पुढच्या तिकडे कुठे मिळतील, हेही लिहून द्यायचं. टोळीतली वाचता येणारी एक बाई निवडून तिला हे सगळं समजावायचं. मग मुकादमाला बोलवायचं आणि हंगामात कुणी तपासणीला गेली तर तो दिवस खाडा धरणार नाही, असं सगळ्यांसमोर कबूल करून घ्यायचं. गावासमोर दिलेला शब्द मोडणं त्याला जड जातं, कारण पुढच्या साली टोळी याच गावातून बांधायची असते.

लोहाच्या गोळ्यांचंही असंच. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० गोळ्या. हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल तर रोज दोन. ७च्या खाली गेलं तर नुसत्या गोळ्यांवर विसंबायचं नाही, मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. गोळ्या वाटल्या जातात आणि डब्यात पडून राहतात, कारण मळमळतं, शौचाला काळं होतं आणि ‘बाळ मोठं होऊन अडेल’ ही सासूची भीती असते. काळा रंग लोहामुळेच असतो, हे पहिली गोळी घेण्याआधीच सांगा. रात्री जेवल्यावर घ्यायची, चहा तासभर लांब, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. आणि हे सासूसमोर सांगा, घरातला निर्णय तिचा असतो.

पारावर बैठक भरवली की पुरुष बोलतात. गल्लीवार दहा-पंधरा बायकांना रात्री जेवणं उरकल्यावर बसवा. बंजारा तांड्यावर वेगळी बैठक घ्या, नायकाला आधी सांगून, त्यांची गोरमाटी बोली बोलणारं कुणी सोबत घेऊन. भाषण नको. गेल्या वर्षी कोण दगावलं, कोणती बाळंतीण अडली, ते एकेक काढा आणि विचारा: पहिल्यांदा कधी कळलं, न्यायचं कुणी ठरवलं, गाडी कशी मिळाली, दवाखान्यात किती वेळ बसवलं. उशीर नेमका कुठे झाला ते लोकच सांगतात. गाडीपायी झाला असेल तर १०८ सोबत गावातल्या जीपवाल्यांचे नंबर भिंतीवर रंगवा आणि गरिबाच्या भाड्याची सोय ग्राम आरोग्य समितीच्या अबंधित निधीतून, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे समितीला खर्चता येणाऱ्या पैशातून, ठराव करून ठेवा.

उशीर दवाखान्यातच झाला असेल तर मात्र सगळे साहेब गप्प होतात. लोकाधारित देखरेख राज्यात २००७ साली सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, होता. गावकरी एकेका सेवेला हिरवा, पिवळा, लाल रंग द्यायचे आणि तो तक्ता जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे मांडायचे. माझ्या लेखी खरा लोकसहभाग हाच. डॉक्टर मुक्कामी नसतील, औषधाला बाहेरची चिठ्ठी मिळत असेल, तर तिथे न जाणारा माणूस शहाणाच म्हणायचा. आधी ते दुरुस्त करा, मग बोलवा.

हे सगळं एकट्या आशाच्या डोक्यावर मात्र टाकू नका, तिच्यामागे आधीच कामांची रांग आहे. खाड्याचं गणित सोयाबीन-कापसाच्या गावांना जसंच्या तसं लागू नाही. तिथे सकाळची ओपीडी आणि रोजावर जायची वेळ एकच, ही अडचण मोठी. आणि पथनाट्य करायचंच असेल तर शिबिराआधीच्या आठवडी बाजारी करा. त्यात तारीख, जागा, कोणते डॉक्टर येणार आणि कोणत्या तपासण्या फुकट होणार, एवढंच सांगा.