कातकामाच्या मंडळाला वळण कसं लावावं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, लाकूड कातणाऱ्या छोट्या मंडळांचे आहेत. त्यातले सहा निवडले. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली, कारण तो थोड्याफार फरकाने चार पत्रांत आला आहे.

प्रश्न (पुणे): आमचं दहा जणांचं मंडळ आहे. एक छोटा लेथ, महिन्यातून एका रविवारी तीन तास. दीड वर्षात वाटी, पेन, दिव्याचा स्टँड सगळ्यांना जमायला लागलं. पण वस्तू एकसारख्या दिसतात आणि लेथपुढे रांग लागते. पुढे काय करावं?

उत्तर: आधी रांगेचं बघू. तीन तास दहा जणांत वाटले तर प्रत्येकाला जेमतेम अठरा मिनिटं मिळतात. लाकूड चकमध्ये (लेथच्या पकडीत) बसवून गोल होईपर्यंतच ती संपतात. त्यापेक्षा एका महिन्यात पाच जणांनीच लेथ वापरावा, प्रत्येकी 25 मिनिटं. कातणाऱ्याजवळ एक जोडीदार असावा. त्याने फक्त पटाशीची धार कुठे टेकते आणि पाय कुठे आहेत एवढंच बघायचं. बाकीच्यांसाठी तीन टेबलं मांडा: एकावर धार लावायचा ग्राइंडर, एकावर करवत आणि पुढच्या महिन्याचे ठोकळे, एकावर कागद-पेन्सिल. पुढच्या महिन्यात उरलेले पाच लेथवर.

आता एकसारखेपणा. लेथसमोर उभं राहिल्यावर आकार ठरवायला गेलं की आकार पटाशी ठरवते. गोल पटाशी तिला सोपी जाणारी खोबण काढते, लाकूड संपतं तिथे वस्तू संपते. म्हणून ते कागदाचं टेबल लेथइतकंच महत्त्वाचं आहे.

एक सराव सुचवतो. एकाच लाकडाचे 50 × 50 × 150 मिमीचे सहा ठोकळे प्रत्येकाने घ्यावेत. त्यांतून गळा असलेल्या भांड्याचे सहा भरीव आकार काढायचे. आत पोकळ करायचं नाही, त्यामुळे सरावल्यावर अर्ध्या तासात एक निघतो. सहांत फक्त एक गोष्ट बदलायची: सर्वांत फुगीर जागा किती उंचीवर आहे. कधी मध्यावर, कधी खालच्या तिसऱ्या हिश्शात, कधी वरच्या. मग सगळे काळ्या रंगाने रंगवून पांढऱ्या भिंतीपुढे ओळीने ठेवा. हे रंगवणं टाळू नका. शिसवाच्या किंवा आंब्याच्या देखण्या रेषा कच्चा आकार झाकून टाकतात. काळ्या नगावर बाकीचं काही दिसतच नाही.

आकार शोधायला लांब जायला नको. तांब्या, गडू, कळशी, पंचपात्री, लोणच्याची बरणी घ्या. बल्बसमोर ठेवून भिंतीवरच्या कागदावर सावली गिरवा, कागद मधोमध दुमडा आणि अर्धी रेषा पुठ्ठ्यावर कापून घ्या. तांब्याच्या पोटाकडून गळ्याकडे बोट फिरवलंत तर रेषा नेमकी कुठे उलटते ते कळेल, आणि तिथे सपाट तुकडा नाही हेही. नवशिक्याच्या नगावर तोच सपाट तुकडा राहतो. वाडग्याच्या बाह्यरेषेसाठी पातळ साखळी दोन खिळ्यांना लोंबकळत ठेवा. खिळ्यांतलं अंतर बदलत गेलं की उथळ आणि खोल वळणं समोर दिसतात. तळाचा व्यास काठाच्या साधारण एक तृतीयांश धरून सुरुवात करा. त्यापेक्षा रुंद तळ वाडग्याला जड दाखवतो, फार अरुंद तळावर वाडगा डगमगतो.

तिसरी गोष्ट जिवावर येईल, तरी करा. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाने आपला एक वाडगा करवतीने उभा चिरावा. बहुतेकांचा काठ 6 मिमी आणि तळाजवळचा कोपरा 15 मिमी निघतो. कारण आतून भिंत तळाकडे वळते तिथे पटाशीच्या धारेमागचा उतार लाकडावरून सुटतो, दणका बसेल या भीतीने हात आखडतो आणि तिथे लाकूड शिल्लक राहतं. जाडी काठाशी, मध्यावर आणि कोपऱ्यात अशी तीन ठिकाणी कॅलिपरने मोजायची सवय यातून लागते.

अमेरिकेत 1986 साली कातकाम करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, ब्रिटनमध्ये 1987 साली. तिथल्या स्थानिक क्लबांत महिन्याचा एक विषय देण्याची पद्धत रुळलेली आहे. ती जरूर घ्यावी, पण विषय वस्तूचा न देता बंधनाचा द्यावा. ‘या महिन्यात एकच पटाशी.’ ‘या महिन्यात पॉलिश पेपर बंद.’ दुसऱ्या बंधनाने मंडळ सर्वांत लवकर पुढे जातं, कारण धार नीट लावल्याशिवाय ते पाळताच येत नाही.

प्रश्न (नाशिक): लाटणं गुळगुळीत करताना स्क्यू (तिरक्या धारेची) पटाशी अचानक अडकते आणि लाकडावर मळसूत्रासारखी खोल चीर पडते. धार चांगली असूनही असं का होतं?

उत्तर: पटाशीची वरची अर्धी धार लाकडाला लागली की फिरणारं लाकूड ती खाली खेचतं. टेका (पटाशी टेकवायचा लेथवरचा आडवा दांडा) तिथून खूप खाली असल्याने तिला आधार नसतो. सपाट कातताना कापण्याचं काम धारेच्या मध्यापासून खालच्या आखूड टोकापर्यंतच्या भागानेच व्हावं, वरचं लांब टोक लाकडापासून दूर राहावं. आधी धारेमागचा उतार लाकडावर नुसता घासू द्या, मग मूठ थोडी थोडी उचला. ढलपी निघायला लागली की मूठ तिथेच धरा. टेका लाकडापासून 5 ते 6 मिमीवर, मध्यरेषेच्या जरा वर. दिशा नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे. लाटण्याच्या टोकाशी बाहेरून आत शिरलात तर पटाशी हमखास अडकते. टोकाच्या थोडं अलीकडून सुरू करून बाहेर जा.

सरावाला बाभूळ नको. सरळ रेषेच्या मऊ लाकडाचा 40 × 40 × 350 मिमीचा तुकडा घ्या आणि त्याचं लाटणं न करता तो नुसता कातत कातत पेन्सिलीएवढा होऊ द्या.

प्रश्न (रत्नागिरी): वादळात पडलेल्या आंब्याचे ओंडके मिळाले. वाडगे सुरेख झाले, पण आठवड्यात सगळे तडकले.

उत्तर: दोन कारणं संभवतात. ओंडक्याचा मधला गाभा वाडग्यात राहिला असेल. लाकूड वाळताना वाढीच्या वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. ही ओढाताण गाभ्याशी फुटते. म्हणून ओंडका उभा, गाभ्यातून चिरून दोन भाग करा आणि गाभ्याची पट्टी काढून टाका. दुसरं कारण म्हणजे ओल्या लाकडातून एकाच वेळी शेवटचा आकार काढणं.

ओल्या लाकडाला आधी ढोबळ आकार द्या, भिंतीची जाडी व्यासाच्या दहावा हिस्सा. 250 मिमीच्या वाडग्याला 25 मिमी. लाकडाच्या रेषा जिथे तुटतात त्या दोन बाजूंना पातळ केलेलं मेण लावा. कागदी पिशवीत त्याच्याच ढलप्यांसह ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी वजन करून पेन्सिलीने वाडग्यावरच लिहा. वजन उतरायचं थांबलं की तो वाळला. तोवर तो लंबगोल झालेला असेल. मग तो पुन्हा कातून गोल करायचा, जादा जाडी त्यासाठीच ठेवायची असते. कोकणात पावसाळ्यात ओल्या ढलप्यांना बुरशी धरते आणि आंब्यावर काळेनिळे डाग पडतात, म्हणून जून ते सप्टेंबर पिशवीतल्या ढलप्या दर आठवड्याला कोरड्या घाला.

आणि रस्त्याकडेचं पडलेलं झाड असेल तर नगरपालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घेऊनच लाकूड उचला.

प्रश्न (अहिल्यानगर): खांबासाठी वापरतो तीच मोठी गोल पटाशी वाडग्याला चालेल का? आणि वेग किती ठेवावा?

उत्तर: अजिबात चालणार नाही. त्या पटाशीचं मुठीत जाणारं शेपूट अरुंद असतं. वाडग्याच्या आडव्या रेषांत दणका बसला की ते तुटून पातं अंगावर येतं. वाडग्याची पटाशी जाड गोल सळईतून केलेली असते, तीच घ्या.

वेगाचा ढोबळ हिशेब असा: व्यास इंचांत गुणिले मिनिटाला फेरे, उत्तर 6000 ते 9000 यावं. दहा इंची वाडग्याला 600 ते 900. ओबडधोबड ठोकळा मात्र लेथच्या सर्वांत कमी वेगावर सुरू करा, आणि बटण दाबण्याआधी एकदा हाताने फिरवून तो टेक्याला लागत नाही ना ते बघा.

प्रश्न (कोल्हापूर): सावंतवाडीच्या चितार आळीतली रंगीत खेळणी पाहून मंडळाने लाखेचं काम करून बघितलं. भोवऱ्यांवरची लाख महिन्याभरात पापुद्र्यासारखी सुटली.

उत्तर: लाख लेथवरच, घर्षणाच्या उष्णतेने लाकडात मुरावी लागते. ती सुटते तेव्हा लाकूड ओलं असतं, त्यावर तेल लागलेलं असतं किंवा थर जाड झालेला असतो. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं, 240 नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासलेलं आणि भुसा झटकलेला. लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबून हळूहळू सरकवा. ती वितळायला लागली नाही तर वेग कमी आहे. नुसता रंगाचा पट्टा दिसेल एवढीच लाख लावा. मग सपाट लाकडी पट्टी दाबून ती पसरवा, म्हणजे गोळे मोडतात. शेवटची चकाकी कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे लाखकाम करणारे कारागीर केवड्याच्या पानाने आणतात. कोकणच्या किनाऱ्यावर केवडा मुबलक आहे. काटेरी कडा काढून वाळवलेलं पान वापरा.

लाटणं, पोळपाट, ताकाची रवी यांच्या अन्नाला लागणाऱ्या भागावर लाख नको. गरम पाण्याने ती मऊ होते. मुठीवर हवी तेवढी लावा. जवसाचं उकळलेलं तेल वापरत असाल तर त्याची चिंधी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेटते. मोकळ्या जागेत पसरून वाळवा.

प्रश्न (ठाणे): महिलांसाठी वेगळा वर्ग सुरू करतोय. सुरक्षेचे काय नियम ठेवावेत? शिवाय एकमेकींच्या कामाबद्दल बोलताना कुणी दुखावलं जाऊ नये असंही वाटतं.

उत्तर: नियम सगळ्यांना सारखेच. ओढणी, पदर, बांगड्या, मंगळसूत्र, अंगठ्या, मोकळे केस, लांब बाह्या लेथजवळ नकोत. पुरुषांनी मनगटातले धागे आणि कडंही काढावं. पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल प्रत्येकीला हवी, नुसता चष्मा पुरत नाही. घासताना एन-95 मास्क लावा, शिसवाच्या भुश्याने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो. पॉलिश लावायला कापड न वापरता टिश्यू पेपर घ्या. लेथमध्ये अडकला तर तो फाटतो, कापड बोट ओढून नेतं.

बोलण्यासाठी एक रीत ठेवा. नग आधी हातोहात सगळ्यांकडे फिरू द्या, तोवर कुणी बोलायचं नाही. मग प्रत्येकीने आकाराबद्दल एकच गोष्ट सांगायची आणि ती मोजता येईल अशी: ‘काठ दोन मिलिमीटरने जाड वाटतो’, ‘गळा बोटभर खाली हवा होता’. ‘छान’ आणि ‘जमलं नाही’ हे दोन्ही शब्द वर्ज्य. बनवणारीने सर्वांत शेवटी बोलायचं आणि पुढच्या वेळी काय बदलणार ते नगाच्या बुडाशी पेन्सिलीने लिहून ठेवायचं.