काळ्या मातीतले प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण शोधायचेत?

नागपूरजवळच्या काटोल-कळमेश्वरकडच्या संत्राबागेतून नमुने आणणार ना? मग प्लॅस्टिकची पिशवी घरीच ठेव भाऊ. स्टीलचं खुरपं, काचेची बरणी आणि अंगात सुती शर्ट. नाहीतर स्वतःच्याच टेरिकॉटचे धागे मोजत बसशील. मल्चिंग पेपरजवळची, म्हणजे झाडांभोवती अंथरलेल्या प्लॅस्टिकजवळची माती वेगळी ठेव, मोकळ्या जागेची वेगळी. उन्हाळ्यातल्या भेगांतून तुकडे खाली उतरतात, म्हणून नुसतं वरवर खरवडू नको.

खरी डोकेदुखी आपल्या चिकण मातीची. सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट या माती सुटी करणाऱ्या रसायनाच्या पाण्यात ढेकळं पूर्ण फुटू दे, घाई नको. मग त्यात मिठाचं संपृक्त पाणी ओत, घनता सुमारे १.२ (ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर). पॉलिथिन वर येतं. पीव्हीसी (पाइपचं प्लॅस्टिक) आणि पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं) जवळपास १.४ घनतेचे, ते तळाशीच बसतात. त्यांना झिंक क्लोराइडचं जड द्रावण लागतं. महाग आहे, शिवाय त्वचा जाळतं.

वर आलेला काडीकचरा ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने जिरव, पण तापमान ६० अंशांखालीच ठेव. सेंद्रिय खताची माती असली तर फेस भांड्याबाहेर येतो, थोडंथोडं ओत.

सूक्ष्मदर्शकाखाली शंका आली तर गरम सुई लाव, बहुतेक प्लॅस्टिक वितळतं. पक्कं नाव एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी पदार्थ ओळखणारं यंत्रच सांगेल. आणि प्रत्येक फेरीला मातीविना एक कोरा नमुना चालवच. त्यात धागे निघाले तर आधी प्रयोगशाळा झाडून काढ.