ट्रायल शोधायची कशी आणि सही करायच्या आधी काय विचारायचं

गेल्या अंकात स्वादुपिंडाच्या सुजेबद्दल, म्हणजे पॅनक्रियाटायटिसबद्दल लिहिलं होतं, आणि शेवटी 'क्लिनिकल ट्रायलबद्दलही (म्हणजे पेशंटवर उपचार तपासून बघणाऱ्या अभ्यासाबद्दल) डॉक्टरांशी बोला' एवढी एकच ओळ होती. सगळ्यात जास्त पत्रं त्या ओळीवरच आली. मी स्वतः अकरा वर्षं ट्रायल कोऑर्डिनेटरचं काम केलंय, पेशंटना फोन करणं, त्यांच्या दुखण्याच्या डायऱ्या तपासणं हेच रोजचं काम होतं, म्हणून यावेळी तीन पत्रं घेऊन नीट सविस्तर लिहितेय.

ताई, नमस्कार. माझ्या मिस्टरांना एकोणिसाव्या वर्षापासून पोटात कळा येतात, आता ते चौतीसचे आहेत. रिपोर्टमध्ये क्रॉनिक कॅल्सिफिक पॅनक्रियाटायटिस आहे, म्हणजे स्वादुपिंडाची जुनाट सूज, त्याच्या नळीत खडे आहेत, ती उघडी राहावी म्हणून दोनदा स्टेंट टाकून झाला, आता शुगर पण निघाली. दारूचा थेंब कधी घेतला नाही तरी नातेवाईक तेच बोलतात. रात्री उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसतात आणि मी पाठ चोळत बसते. काही नवीन औषध निघतंय का, ट्रायलमध्ये नाव कसं घालायचं?
— सौ. अ., सांगली जिल्हा

अ. ताई, आधी नातेवाइकांचं. दारू हे एक कारण आहे, एकमेव नाही, आणि आपल्या देशात तर दारूला कधी हात न लावलेल्या तरुण पोरांना हा आजार झालेला आम्ही रोज बघायचो. त्यांना हे स्पष्ट सांगा, गरज पडली तर डॉक्टरांसमोर बसवून सांगा.

आता ट्रायल. भारतात चालणाऱ्या ट्रायलची नोंद सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) नावाच्या सरकारी रजिस्ट्रीत होते, आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था ती चालवते, २००७ पासून आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून तर पहिला पेशंट घेण्याच्या आधीच नोंद झालेली असावी लागते. सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन उघडा, ट्रायल सर्चमध्ये जाऊन आजाराचं नाव इंग्रजीत टाका (स्पेलिंग मिस्टरांच्या रिपोर्टवरूनच उतरवून घ्या, एक अक्षर चुकलं तरी काही सापडत नाही). यादी लांब येईल, घाबरू नका. त्यात खूपशा नोंदी एमडी-डीएम करणाऱ्या डॉक्टरांच्या थिसिसच्या असतात, काही आयुर्वेदाच्या असतात, काही कधीच्या संपलेल्या असतात. प्रत्येक नोंदीत आधी रिक्रूटमेंट स्टेटस बघायचं, 'ओपन टू रिक्रूटमेंट', म्हणजे पेशंट घेणं चालू, असेल तरच पुढे वाचायचं. मग इन्क्लुजन आणि एक्सक्लुजन, म्हणजे कोणाला घेणार आणि कोणाला नाही. वय, खडे आहेत का, स्टेंट कधी टाकला, शुगर किती, दुखण्याच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, यातल्या एकाही गोष्टीवरून नाव बाजूला पडू शकतं, त्यामुळे नकार आला तर तुमच्याकडून काही चुकलं असं अजिबात मनात आणू नका.

नोंदीत 'पब्लिक क्वेरी' म्हणून एक नाव आणि फोन दिलेला असतो, तो तुमच्यासाठीच असतो, संकोच न करता करा. बहुतेक मराठी पेशंट पहिलं वाक्य 'मॅडम, तुमचा वेळ घेतेय' असं म्हणून सुरुवात करतात आणि निम्मी माहिती द्यायची विसरतात. तसं नको. आजाराचं पूर्ण नाव, किती वर्षं, शेवटचा सीटी किंवा एमआरसीपी (पित्त आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांचा एमआरआय) कधी झाला, स्टेंट कधी, महिन्यातून किती दिवस कळा येतात, एवढं कागदावर लिहून समोर ठेवा आणि मगच फोन लावा. कळांची डायरी आजपासूनच सुरू करा, साधी शाळेची वही चालेल. तारीख, शून्य ते दहामध्ये किती दुखलं, कोणती गोळी घेतली. ट्रायलची यादी मिस्टरांच्या डॉक्टरांनाही दाखवा, आणि पचनासाठीच्या एन्झाइमच्या कॅप्सूल, इन्सुलिन, काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. ट्रायल म्हणजे नवीन औषध मिळायची रांग नाही, एखादी गोष्ट उपयोगी पडते की नाही हे अजून कोणालाच पक्कं माहीत नाही म्हणून ती केली जाते. दिल्लीच्या एम्समध्ये १२७ पेशंटवर व्हिटॅमिन सी, ई, सेलेनियम वगैरे अँटिऑक्सिडंट देऊन बघितलं, २००९ मध्ये निकाल आला, दुखण्याचे दिवस कमी झाले. पुढे २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये मँचेस्टरला ७० पेशंटवर तसंच करून बघितलं तर काही फरक नाही. एम्सचे पेशंट बरेचसे तरुण आणि दारूशी संबंध नसलेले, अगदी तुमच्या मिस्टरांसारखे, तिकडचे वयाने मोठे आणि दारूमुळे आजारी पडलेले जास्त. म्हणून ट्रायलमध्ये कसे पेशंट होते हे विचारणं महत्त्वाचं, तुमच्या माणसाला लागू पडणारं उत्तर त्यातच असतं.

दुसरं उदाहरण हैदराबादच्या एआयजी या पोटाच्या विकारांच्या हॉस्पिटलचं. नळीतले खडे शॉकवेव्हने फोडून एन्डोस्कोपीने साफ करायचे ही उपचारपद्धत तिथे वर्षानुवर्षं चालते, तरी त्यांनी १०६ पेशंट घेतले, काहींना खरी प्रोसिजर आणि काहींना नुसती नावाला, पेशंटना सांगायचं नाही कोणाला काय. २०२४ मध्ये निकाल छापून आला, बारा आठवड्यांनी खऱ्या प्रोसिजरवाल्यांचं दुखणं थोडंसं जास्त कमी होतं आणि चोवीस आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच. ज्यांना नुसती नावाला मिळाली त्यांनीही सगळं समजून सही केली होती. मिस्टरांच्या वाट्याला तेच आलं तर चालेल का, हे घरी बसून दोघांनी आधी बोला.

माझ्या आईला पित्ताच्या खड्यांमुळे अचानक पॅनक्रियाटायटिस झाला. रात्री कॅज्युअल्टीत एका तरुण डॉक्टरने स्टडीच्या कागदावर सही मागितली, मी घाबरून नाही म्हटलं. आई आता बरी आहे पण मनात राहिलंय, मी चूक केली का?
— एक मुलगा, नागपूर

नाही, चूक नाही. नाही म्हणायचा तुमचा पूर्ण हक्क आहे आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारात काही कमी करता येत नाही, हो म्हणून मध्येच बाहेर पडलात तरीही नाही.

पण त्या डॉक्टरची घाई का होती तेही सांगते. अचानक होणाऱ्या प्रकारात घरी बसून ट्रायल शोधताच येत नाही, पेशंट दाखल होतो तेव्हाच विचारावं लागतं. २०२२ मध्ये निकाल आलेल्या वॉटरफॉल ट्रायलमध्ये पोटात दुखायला लागल्यापासून चोवीस तासांच्या आत आलेलेच पेशंट घेतले होते, भारत, इटली, मेक्सिको, स्पेन मिळून २४९ जण. प्रश्न साधा होता, सलाइन भरभर द्यायचं की बेताने? भरभर दिलेल्यांपैकी २०.५ टक्के लोकांच्या अंगात पाणी जास्त झालं, बेताने दिलेल्यांत ६.३ टक्के, म्हणून ट्रायल मध्येच थांबवली. उद्या तुमच्या ओळखीत कोणी या दुखण्याने दाखल झालं तर त्याला सलाइन जपून मिळेल ते या अनोळखी लोकांनी त्या रात्री सही केली म्हणून.

धोका नसतोच असं मात्र मी म्हणणार नाही. नेदरलँड्समध्ये गंभीर पेशंटना प्रोबायोटिक देऊन बघितलं, दह्यातल्यासारखेच चांगले जंतू, सगळ्यांना निरुपद्रवी वाटलेले. २००८ मध्ये निकाल आला, प्रोबायोटिकच्या गटात १६ टक्के दगावले आणि दुसऱ्या गटात ६ टक्के. हा आकडा मी कधी विसरले नाही. म्हणून पुन्हा अशी वेळ आली तर त्या डॉक्टरला एवढंच विचारा की स्टडीत नसलो तर आईला काय मिळेल, असलो तर त्यात काय वेगळं होईल, आणि त्रास झाला तर रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा. उत्तरं साध्या मराठीत मिळाली नाहीत तर सही करू नका.

व्हॉट्सॲपवर मेसेज आला, पॅनक्रियाजच्या नवीन ट्रायलमध्ये जागा बुक करायला पंधरा हजार भरा. भरू का?
— वाचक, ठाणे

अजिबात भरू नका. ट्रायलचं औषध आणि ट्रायलसाठीच्या तपासण्या यांचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात, उलट पुष्कळ ठिकाणी येण्याजाण्याचा खर्च मिळतो. नवीन औषधाच्या ट्रायलला २०१९ चे नियम लागू आहेत, ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई द्यावी लागते, म्हणून तर संमतीपत्रात तुमच्या नॉमिनीचं नाव लिहायची जागा असते. त्या माणसाकडे सीटीआरआयचा नंबर मागा. दिला तर रजिस्ट्रीत स्वतः टाकून बघा, आणि फोन करायचाच तर नोंदीत जो नंबर आहे त्यावर करा, मेसेजमधल्या नंबरवर नाही. खरी ट्रायल असेल तर सही केलेल्या कागदाची एक प्रत तुमच्या हातात मिळते, ती फाइलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवायची.