वाराचं नाव लिहून दे

चि. डॉक्टरास,
अनेक आशीर्वाद.

शहरातल्या तज्ज्ञांनी आमवाताचं निदान करून मेथोट्रेक्सेट सुरू केलेले पेशंट आता तुझ्या दवाखान्यात येतात आणि तुला त्या औषधाची धास्ती वाटते, असं तू लिहिलंस. थोडी धास्ती असावीच. पण तिच्यापायी औषध बंद करू नकोस. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटलेली असते. वेदनाशामक गोळीने ठणका थांबतो, आतलं हाड झिजायचं थांबत नाही. त्यासाठी हे औषध लागतं.

स्टेरॉइडचा मोह मात्र तुला होईल. १९४८ साली फिलिप हेंच या अमेरिकन डॉक्टरांनी आमवातावर कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिलं आणि जखडलेली बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दुष्परिणाम मागाहून कळले. आजही स्टेरॉइडची सुई दिली की दोन दिवसांत मूठ वळते आणि 'डॉक्टरच्या हाताला गुण आहे' असं गावभर होतं. मेथोट्रेक्सेटचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. तेवढा काळ निभावण्यापुरतंच, कमी मात्रेत स्टेरॉइड दे आणि हळूहळू उतरव. एकदम तोडू नकोस. पहिल्याच भेटीत हा हिशेब पेशंटला सांग, नाहीतर महिन्याभरात तो भोंदूच्या पुडीकडे जाईल, आणि तसल्या पुड्यांत कितीदा तरी स्टेरॉइडच निघतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आपल्याकडे गोळी म्हटली की 'सकाळ-संध्याकाळ' हेच डोक्यात बसलेलं. रोज घेतली गेली तर तोंड सोलून निघतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात, माणूस दगावतो. असे मृत्यू जगभर नोंदले गेले आहेत, आणि ते टाळता येण्यासारखे होते म्हणून ते मला फार लागतात. चिठ्ठीवर नुसतं 'आठवड्यातून एकदा' लिहून भागत नाही. वाराचं नाव लिही, मराठीत, ठळक. वार पेशंटलाच निवडू दे: आठवडी बाजाराचा किंवा उपवासाचा, जो त्याच्या लक्षात राहतो तो. दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून सोबत देतात त्या फॉलिक अॅसिड या जीवनसत्त्वाच्या गोळीला दुसरा वार ठेव. दोन्ही गोळ्या लहान, बहुतेकदा पिवळ्या. घरी सहज अदलाबदल होते. एकाच ताकदीच्या गोळ्या दे, चार आठवड्यांपुरत्याच दे, आणि कुठल्या वारी किती घेणार हे पेशंटकडून व घरच्या एखाद्याकडून वदवून घे. मेडिकलवाल्यालाही एकदा भेटून सांग.

पाकिटातला कागद वाचून कोणीतरी विचारेलच, 'हे कॅन्सरचं औषध ना?' हो म्हण. आणि हेही सांग की कॅन्सरमध्ये देतात त्या मात्रेपुढे आपले आठवड्याचे ७.५ ते २५ मिलिग्रॅम फार थोडे.

रक्त, यकृत आणि क्रिएटिनिनची (म्हणजे मूत्रपिंडाची) तपासणी सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी, मात्रा स्थिरावली की तीन महिन्यांनी. दारू घेतो का, हे स्पष्ट विचार. सल्फा-ट्रायमेथोप्रिम या अँटिबायोटिकची गोळी यासोबत कधीच नको. लघवीच्या जळजळीवर ती सर्रास दिली जाते. ताप आला किंवा जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं तर त्या आठवड्याचा डोस थांबवायचा आणि तुला येऊन भेटायचं. कोणाला बायोलॉजिकची, म्हणजे प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग दाबणारी, इंजेक्शनं सुरू होणार असतील तर आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी झाली आहे ना, हे पाहा. आपल्या देशात दबलेला क्षय डोकं वर काढायला वेळ लागत नाही.

तरुण बाईला सासूसमोर विचारू नकोस. एकटीला बसवून मूल हवं आहे का, विचार. गर्भारपणात मेथोट्रेक्सेट चालत नाही. आधी किमान एक ते तीन महिने बंद करावं लागतं. त्या काळासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासालाझिन आहेत, पण तो बदल तज्ज्ञांशी बोलूनच कर.

तोंडात फोड आणि ताप घेऊन कोणी आलं तर आधी गोळ्यांचं पाकीट मागव आणि मोज. रोज घेतल्याची शंका जरी आली तरी गोळी बंद कर, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठव आणि फोलिनिक अॅसिड हा मेथोट्रेक्सेटवरचा उतारा लागेल असं चिठ्ठीवर लिही. नेहमीच्या फॉलिक अॅसिडने तिथे भागत नाही.

तुमच्या गावात रक्ततपासणीचा रिपोर्ट किती दिवसांनी मिळतो, ते कळव.

तुझे सर